तीन ठोके

आमचं खेळण्यांचं उद्यान बंद पडून एकोणीस वर्षं झाली. रोलर कोस्टरचे रूळ भंगारात गेले, तळं बुजवलं, आता तिथे गोदामं आहेत. तरी वर्षातून एका रविवारी दुपारी आम्ही चौघं जमतो. बाकीच्यांतले काही दूर राहायला गेले, काही कायमचे गेले. उरलो ते तिकीटखिडकीवरची तिकीटबाई, वेल्डर, ठोक्या आणि मी. मी कोस्टरच्या पॅनेलवर बसायचो, गाडी सोडायचं बटण माझ्या हाताखाली. म्हणून सगळे मला पॅनेलच म्हणतात, आणि रागाच्या भरात आमची हीसुद्धा.

जमून आम्ही काही थोर करत नाही. कोस्टरवरच्या जुन्या फजित्या उगाळत बसतो. कुठल्याशा बँकेच्या साहेबांचा टोप वळणावर उडून तळ्यात पडला आणि बदकांनी तो ताब्यात घेतला, ही तिकीटबाईंची गोष्ट. रुळाखाली सापडलेली कवळी चार जणांनी तोंडात घालून पाहिली आणि 'ही माझी नव्हे' म्हणून परत केली, ही वेल्डरची. दरवर्षी त्या चारांचे पाच होतात. गाडी चढावर अडकून दीड तास लटकली आणि कडाकडा भांडत चढलेलं जोडपं हातात हात घालून उतरलं, ही माझी. गाडी अडकली होती हे खरं. हातात हात मी घातले.

शेवटची गोष्ट नेहमी ठोक्याची. ती तोच सांगतो, कारण पाय त्याचा गेला.

ठोक्याचं काम काय, ते आधी सांगायला हवं. रोज सकाळी फाटक उघडण्यापूर्वी तो सगळा रूळ पायी फिरायचा आणि एकेक बोल्ट हातोडीनं ठोकून पाहायचा. घट्ट बोल्ट खणखणीत वाजतो, सैल झालेला असेल तर बसक्या आवाजात बोलतो. त्याचा कान असा, की अर्ध्या आट्याचा फरक त्याला कळायचा. रुळावर चढण्याआधी त्यानं आपला लाल पत्र्याचा बिल्ला माझ्या बटणावर टांगायचा, असा नियम होता. बिल्ला तिथे असेतो बटणाला हात लावायचा नाही, आणि बिल्ला काढायचा तो ज्याचा त्यानंच. मग वाळूची पोती बसवलेली गाडी एक फेरी मारून यायची. पोती धड परत आली तर माणसं बसवायची.

एके दिवशी ठोक्या बिल्ला टांगायला विसरला आणि वर गेला. दुसऱ्या वळणावर असताना पोती आली. "सोळाच्या सोळा पोती तोंड मिटून बसलेली," ठोक्या सांगतो, "एकाही पठ्ठ्यानं 'अहो, बाजूला व्हा' म्हटलं नाही." इथे आम्ही हसतो. डावा पाय गुडघ्याखाली गेला, नोकरी गेली. या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली, आणि दर वर्षी मी त्याच जागी हसत आलो.

एरवी आम्ही माझ्या घरी जमायचो. यंदा ठोक्याला माझे दोन जिने झेपेनात, म्हणून त्याच्या मुलीकडे जमलो. तो तिच्याकडेच असतो. छोटंसं घर, तळमजल्यावरचं. बाहेरच्या खोलीत एक पलंग, त्यावर ठोक्या. खिडकीशी नातीचं टेबल, त्यावर रंगीत खडू. नात पहिलीत आहे, ती शेजारी खेळायला गेली होती. मुलगी चहा घेऊन आली आणि ट्रे हातात धरून दारातच उभी राहिली. वडील ही गोष्ट आम्हाला कशी सांगतात, हे तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

पोती तोंड मिटून बसली. आम्ही हसलो.

"काका, तुम्हीही हसता?" ती म्हणाली. बाकीच्यांना नाही, मला.

तिनं पुढे केलेल्या ट्रेमधून मी चहाचा कप उचलला. गरम होता, तरी तोंडाला लावला.

तिकीटबाईंना शांतता सहन होत नाही. त्यांनी घाईघाईनं नातीची चौकशी काढली. तर मुलगी म्हणाली, की नातीला शाळेतून आणून संध्याकाळपर्यंत सांभाळणाऱ्या बाई गाव सोडून चालल्या आहेत. दुसरं कुणी मिळत नाही. उद्या ती ऑफिसात राजीनामा देणार होती. जावई फिरतीवर असतो, त्याचा उपयोग नाही.

"अगं, पण आजोबा आहेत ना घरात," तिकीटबाई म्हणाल्या.

"मी तेच म्हणतोय," ठोक्या म्हणाला. "शाळा दोन गल्ल्या टाकून. लोकांना दहा मिनिटं लागतात, मला कुबडीवर पंधरा. साडेबाराला सुटते, मी बाराला निघेन."

"प्रश्न पायाचा नाही, बाबा. मधे मोठा रस्ता आहे. तुम्ही विसरता."

"मी कधी काय विसरलो?"

तिनं त्याच्या पायाकडे पाहिलं. मग आमच्याकडे वळून, जणू आम्ही पंच आहोत अशा आवाजात म्हणाली, "आईनं यांच्याकडे घराची किल्ली कधी दिली नाही. गॅसला हात लावू दिला नाही. मी लहान असताना मला घेऊन बाहेर जायचे म्हणाले, की आई चप्पल घालून मागे निघायची. मला राग यायचा तिचा. आता मुलगी झाल्यावर कळतं. एकदा विसरलं की संपलं. माझ्या मुलीचा हात मी यांच्या हातात देऊ शकत नाही. मलाही वाईट वाटतं, पण नाही देऊ शकत."

ठोक्या चादरीवरची सुरकुती सरळ करत बसला. वाद घालायची त्याची सवय कधीच गेली होती, हे मला त्या क्षणी दिसलं. इतकी वर्षं मी समजत होतो, की त्यानं फक्त पाय गमावला.

आता माझं काय पणाला लागलं होतं, तेही सांगतो, नाहीतर मी फार मोठा माणूस वाटेन. ठोक्या इस्पितळात होता तेव्हा त्याची बायको त्याच्याजवळ राहिली आणि ही मुलगी चार महिने आमच्या घरी. नऊ वर्षांची होती. आमची ही तिच्या वेण्या घालायची, मी तिला पाढे शिकवायचो आणि स्वतःच चुकायचो. तेव्हापासून मी तिचा काका. माझ्या दोन चिरंजीवांना सवड झाली तर ते फोन करतात. ही दर बुधवारी करते. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पट्टी काढायला हीच घेऊन गेली. तोंड उघडलं की हे सगळं जाणार, हे मला लख्ख कळत होतं.

"तो विसरला नव्हता," मी म्हणालो.

"पॅनेल, गप्प बैस," ठोक्या म्हणाला.

"बिल्ला त्यानं टांगला होता. मी काढला."

वेल्डरनं कप खाली ठेवला. मी मुलीकडे पाहून सांगायला सुरुवात केली, कारण दुसरीकडे पाहिलं असतं तर थांबलो असतो.

ठोक्याची फेरी संपायची ती मागच्या कुंपणाशी. तिथून पॅनेलपर्यंत यायचं तर सगळ्या तळ्याला वळसा. आणि ठोक्याची हत्यारांची खोली होती तिकडेच, कुंपणाजवळ. म्हणजे नुसता बिल्ला काढायला यायचं आणि परत जायचं, रोजची वीस मिनिटं. मीच त्याला म्हटलं, कशाला पाय तोडतोस. शेवटच्या खांबावर तीन ठोके मार, लोखंडातून मला ऐकू येतात, तुझा बिल्ला मी काढतो. तीन वर्षं असं चाललं. साहेबांना ठाऊक नव्हतं. पोती वेळेवर जायची, वेळेवर यायची, सगळे खूश.

"त्या दिवशी दुसऱ्या वळणावर एक बोल्ट बसका बोलला," मी म्हणालो. "यानं पाना लावून तो आवळला, आणि नीट बसला का बघायला ठोकला. तीनदा. लोखंडातून आलेला आवाज कुठून आला ते कळत नाही. मी बिल्ला काढला आणि बटण दाबलं."

"म्हणजे चूक दोघांची," ठोक्या म्हणाला. आवाज अगदी शांत होता. हे वाक्य त्यानं फार वर्षं तयार ठेवलं असणार. "तू सांगितलंस, मी हो म्हटलं. निम्मी तुझी, निम्मी माझी."

"बिल्ला माझ्या हातात होता," मी म्हणालो. "सगळे रुळाकडे धावले. मी हत्यारांच्या खोलीकडे धावलो आणि तो याच्या पिशवीत टाकला. चौकशीवाल्यांना तो तिथे सापडला. इस्पितळात त्यांनी याला विचारलं, बिल्ला पिशवीत कसा? यानं एका क्षणात ओळखलं. म्हणाला, टांगायला विसरलो."

मुलगी वडिलांकडे वळली. "का?"

"तू त्यांच्या घरी होतीस," ठोक्या म्हणाला. "याची नोकरी गेली असती, पोलीस आले असते. तुला कुठे ठेवणार होतो? तुझी आई माझ्याजवळ. मला वाटलं, बरा होऊन घरी आलो की सांगू. मग घरी आलो, तर तू काका काका करत होतीस."

"आणि आई?"

ठोक्या पुन्हा चादर सरळ करू लागला. त्याची बायको चार वर्षांपूर्वी वारली. शेवटच्या आजारातही औषधांच्या वेळा तिनं स्वतः कागदावर लिहून मुलीकडे दिल्या होत्या, नवऱ्याकडे नाही. ते मी पाहिलं होतं. ती गेली तेव्हा मी खांदा द्यायला आलो होतो आणि लोकांना पाणी वाटत होतो.

इथे मी थांबलो असतो तर चाललं असतं. निम्मी तुझी, निम्मी माझी, असं ठोक्यानं म्हटलंच होतं, आणि मुलीचा चेहराही जरा सैल झाला होता. पण त्या निम्म्यावर तो सत्तावीस वर्षं जगला होता, आणि ते निम्मंही खोटं होतं. हे त्यालाही माहीत नव्हतं.

"आणखी एक आहे," मी म्हणालो. "मी घड्याळ पाहिलं होतं."

"कसलं घड्याळ?" वेल्डरनं विचारलं.

"केबिनमधलं. तुझे ठोके आठ वाजून गेल्याशिवाय कधी यायचे नाहीत, ठोक्या. तीन वर्षांत एकदाही नाही. त्या दिवशी आले तेव्हा आठला बारा कमी होते. मी पाहिलं. आज लवकर कसा, असं मनात आलं. फाटकावर शाळांच्या सहली उभ्या होत्या, साहेब दोनदा ओरडून गेले होते, माझं डोकं तापलेलं होतं. नुसतं दारात येऊन हाक मारली असती तरी तू ओ दिली असतीस. मी म्हटलं, असेल लवकर. आणि दाबलं."

बाहेर पोरं खेळत होती. तिकीटबाई पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या.

ठोक्या माझ्याकडे पाहत राहिला. रागानं पाहिलं असतं तर मला सोसलं असतं. तो बोल्ट ऐकताना पाहायचा तसा पाहत होता, मान किंचित वाकडी करून.

"बारा मिनिटं," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटायचं, मी जरा जोरात ठोकलं त्या दिवशी." तो म्हणाला.

मुलीनं कप गोळा करायला घेतले. माझा अर्धा भरलेला होता, तोही उचलला. आत नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. आम्ही चौघं बसून राहिलो. जावं की थांबावं ते मला कळेना, आणि कुणी सांगेना. माझ्या मनात मूर्खासारखं येत होतं, की आज रविवार, बुधवारला अजून तीन दिवस आहेत.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. ती सरळ पलंगाशी गेली.

"सोमवार ते शुक्रवार साडेबारा, शनिवारी साडेअकरा," ती वडिलांना म्हणाली. "फाटकापाशी गर्दी असते, तुम्ही झाडाखाली थांबा, ती येते बरोबर. दप्तर तिलाच उचलू द्या. वाटेत काही मागेल, द्यायचं नाही. तुम्ही देणार, मला माहीत आहे. किल्ली उद्या करून आणते."

ठोक्यानं मान हलवली.

माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मला काय वाटलं ते सांगतो. आधी हलकं वाटलं, खरंच. मग फार वाईट वाटलं. ती मला बोलली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी त्या घरी नेल्या असत्या. ती शेजारून मुलीला आणायला गेली.

ठोक्याला उठायचं होतं. एकदा उभा राहिला की कुबडीवर तो कुठेही जातो, पण बसल्या जागेवरून उठताना कुणाचा हात असला तर बरं पडतं. इस्पितळातून आल्या दिवसापासून तो माझा हात धरून उठत आला. मी असलो की दुसऱ्याचा त्यानं कधी धरलाच नाही, आम्ही कुठेही असू. मी सवयीनं उठून त्याच्याजवळ गेलो आणि हात पुढे केला.

तो माझ्या हाताकडे पाहत बसला. मग म्हणाला, "वेल्डर, जरा ये रे इकडे."