कुत्र्याचा चौथा पाय

पहिल्यांदाच चित्र बघायला आलेल्यांना मी आधी सांगते, घाबरू नका. संग्रहालयातलं सगळ्यात नावाजलेलं चित्र, 'शरणागती', समोर भिंतभर असतं आणि लोक परीक्षेला बसल्यासारखे उभे राहतात. मग मी सुरू करते. डावीकडचा राजा हरलाय, उजवीकडचा जिंकलाय. हरलेला शहराच्या किल्ल्या पुढे करतोय. मुकुट सोडा, हात बघा. देणाऱ्याची बोटं सैल आहेत. घेणाऱ्याचा एक हात किल्ल्यांवर आणि दुसरा तलवारीवर. जिंकला, तरी भरवसा नाही. एवढं कळलं की अर्धं चित्र कळलं.

शेवटी टेबलाखालचा कुत्रा. "याचा चौथा पाय शोधा," मी म्हणते. खाली काडेपेटीएवढा मळकट चौकोन आहे. चित्र साफ करणारा तेवढा तुकडा मुद्दाम तसाच ठेवतो, आधी किती मळ होता ते कळावं म्हणून. डोळे बारीक केले की मळाखाली पाय दिसतो. तो साफ करणारा माझा नवरा आहे, हे मी सांगत नाही. उगाच फुशारकी नको.

चौकट दुरुस्त होऊन चित्र परत आलं, त्या रविवारी कुणालाच पाय सापडेना. मी स्वतः वाकून पाहिलं. नुसता तपकिरी रंग.

"लंगडा असेल बिचारा," एक आजोबा म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, पण पटलं नाही. एवढ्यात मळ इतका दाट होत नाही. म्हणजे हे चित्रच दुसरं होतं, कुणीतरी केलेली हुबेहूब नक्कल. आणि दुरुस्तीच्या खोलीत जात होते दोघंच, सुतार आणि माझा नवरा.

मी सुताराला धरलं, मनातल्या मनात. तोंडात खिळे धरून बोलणारा माणूस मला कधीच आवडला नव्हता. तो दिसला की मी त्याच्या पिशवीकडे बघायची. तरी मन खात होतंच, म्हणून रात्री जेवताना नवऱ्याला विचारलं.

"तुझ्या त्या चौकोनाखाली काय आहे रे?"

"मळ."

"आणि मळाखाली?"

"चित्र. आणखी काय असणार?"

"कुत्र्याचा पाय दिसायचा. आता दिसत नाही."

त्याचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, "तुझा चष्मा बदलायला झालाय."

मला राग आला आणि बरंही वाटलं. नवरा चोर निघण्यापेक्षा नंबर वाढलेला परवडला. संग्रहालयात मात्र मी याबद्दल कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही.

पुढच्या रविवारी नव्या घोळक्यातली एक मुलगी ओरडली, "सापडला! हा बघा चौथा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकले. पाय होता. अगदी मळाखालून दिसावा तसा, बेमालूम. माझ्या नवऱ्याला आयुष्यभर तिथे मळच दिसला होता, पाय मी सांगितल्यावर दिसला. जवळ गेल्यावर ताज्या रंगाचा वास आला. आमच्या न्हाणीघरातल्या टॉवेलला येतो, तोच.

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. चष्मा ठीक होता. सगळ्यांसमोर मला रडू फुटलं.

"ताई, काय झालं?" मुलीनं विचारलं. "चुकलं का माझं?"

"नाही गं. बरोबर आहे तुझं," मी म्हटलं आणि दारातल्या पहारेकऱ्याकडे वळले. "काका, मोठ्या साहेबांना बोलवा. आणि चित्रं साफ करायच्या खोलीतून कुणाला बाहेर जाऊ देऊ नका. माझ्या घरच्यांनाही."