ज्यूकबॉक्समधली तबकडी

लॅटिनचे प्राध्यापक डेल्बर्ट हॅस्किन्स दर शुक्रवारी तरुणपणापासूनची मैत्रीण लोरीन हिच्या खानावळीत तळलेला मासा खायला यायचे आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकायचे. वाजायचं ते त्यांचंच गाणं. विसाव्या वर्षी गिटार बडवत, उचक्या लागल्यासारखा आवाज काढत म्हटलेलं, रॉकाबिली नावाच्या धांगडधिंग्या ढंगाचं, अख्ख्या टेनेसीत गाजलेलं, त्यांचं एकुलतं एक. जी तबकडी कुणी लावत नाही ती ज्यूकबॉक्सवाला काढून नेतो, म्हणून विद्वान माणसाला न शोभणारा हा खटाटोप.

यंदाचा सगळा हिवाळा त्यांनी अंथरुणात काढला. बरे होऊन आले ते तबकडी गेली असणार असं धरूनच. पण ती जागेवर होती.

"हे कोण लावतं गं?"

"मी," टेबल पुसता पुसता लोरीन म्हणाली.

"तुला तर ते कधीच आवडलं नाही."

"अजूनही नाही आवडत. नुसता केकाटतोस." तिनं फडकं खांद्यावर टाकलं. "पण त्यात तू अजून गाव सोडून शिकायला गेलेला नसतोस."