आईच्या शेजारची पेटी

पुरून पाच वर्षं झाली, तशी डोंगरातल्या त्या ग्रीक गावच्या रिवाजाप्रमाणे आईची हाडं थडग्यातून काढायला थेक्ला शहरातून आली. कालिरोई मावशीने एकेक हाड लाल वाइनने धुऊन तिच्या हातात दिलं. धुतलेली भांडी मांडावीत तशी थेक्लाने ती पत्र्याच्या पेटीत रचली.

“रड गं बाई थोडं, लोक बघतायत,” मावशी कुजबुजली.

रडू येतच नव्हतं.

देवळामागच्या अस्थींच्या खोलीत एकच जागा रिकामी होती, वडिलांच्या पेटीला लागून. पेटीवरच्या फोटोत ते हसत होते.

“जन्मभर झोडपलं मेल्याने, आता पुन्हा त्याचाच शेजार!” मावशी फणफणली.

थेक्लाने आईची पेटी ठेवली. वडिलांची पेटी फिरवून तिचं तोंड भिंतीकडे केलं, आणि ती हात धुवायला गेली.