निळी फुली

"मेलेल्याचे खिसे चाचपतेस होय गं, लॉरेल? सापडलं काही तर निम्मं माझं!"

ट्रेव्ह डन्स्टनने पिकअप हळू करून खिडकीतून एवढं ओरडून घेतलं आणि दात काढले. मी रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसले होते. पुढ्यात रात्री कोणाच्या तरी गाडीखाली आलेली कांगारूची मादी, आणि माझा हात कोपरापर्यंत तिच्या पोटाच्या पिशवीत.

"सापडलं तर तुझ्याच घरी आणून ठेवते," मी म्हटलं. "रात्री उठून दूध पाज त्याला."

"माझ्या मेंढ्यांना गवताची काडी नाही, आणि ह्यांना बाटलीनं दूध! मजा आहे बुवा," म्हणत तो गेला. ट्रेव्ह असाच. कांगारू म्हटलं की त्याचा तिळपापड होतो. पण जे तोंडावर बोलतो तेच पाठीमागे बोलतो, एवढं त्याचं मला बरं वाटतं.

पिशवी रिकामी होती. मी हात पुसला, रंगाचा डबा खळखळवला आणि मादीच्या कुशीवर नारिंगी फुली मारली. ही फुली आमच्या वॅराबिनमधलं शेंबडं पोरही ओळखतं. आई मेली तरी पिशवीतलं पिल्लू दोन दोन दिवस धुगधुगी धरून असतं. म्हणून जो पहिला थांबेल त्याने हात घालून बघायचं आणि फुली मारायची. मागून येणाऱ्याने फुली दिसली की थांबायचं नाही. कोणीतरी बघितलंय, तू आपला पुढे जा. माझी फुली नारिंगी, क्लेम हॅरपची निळी. पिल्लं वाढवायचा परवाना असलेले आमच्या भागात आम्ही दोघंच.

मला हे क्लेमनेच शिकवलं. मी तेव्हा शाळेची बस चालवायचे. एकदा पोरांच्या डोळ्यांदेखत एक मादी बसखाली आली. पोरं रडायला लागली आणि त्यांना गप्प करायचं सोडून मीही. मागून क्लेम येत होता. तो उतरला, पिशवीत हात घातला, मग खिशातून कात्री काढली. आत बिनकेसांचं गुलाबी पिल्लू आचळाला चिकटलेलं होतं. ते ओढलं तर त्याचं तोंड फाटतं, म्हणून त्याने आईचं आचळच कापलं आणि पिल्लू बनियनच्या आत छातीशी धरलं. "रडून झालं की घरी ये," मला म्हणाला. "दूध कसं पाजायचं दाखवतो." मी गेले, ती गेलेच. रिटायर झाले, नवरा वारला, मुलगी पर्थला जाऊन राहिली, आणि गावात मी 'कांगारूवाली म्हातारी' झाले. क्लेमचा नियम एकच होता: हात घातल्याशिवाय फुली नाही. पाऊस असो, मढं कुजलेलं असो, नाही म्हणजे नाही.

तर त्या वर्षी दुष्काळ पडला. रानात खायला उरलं नाही तसे कांगारू गावच्या गायरानात उतरले, तिथून फुटबॉलच्या मैदानात, आणि शेवटी दफनभूमीत जाऊन लोकांनी वाहिलेली फुलं खायला लागले. तिथे मात्र गावाचा संयम संपला. काउन्सिलने हॉलमध्ये सभा बोलावली. चहाचं मोठं भांडं उकळत होतं, बायकांनी नारळाचा कीस लावलेले केकचे तुकडे आणले होते. मारायचं की नाही हे ठरवायला गाव जमलं होतं आणि पहिलं भांडण झालं ते केक कोरडे झाल्यावरून.

"देशाच्या राजमुद्रेवर आहे तो, आणि गोळ्या घालता?" नव्या वसाहतीतली एक तरुण आई म्हणाली. "माझी मुलं खिडकीतून मोजतात त्यांना."

"मोजू देत की. माझ्या बंपरवर किती आपटले तेही मोजून घे म्हणावं," पबवाला म्हणाला. लोक हसले.

ट्रेव्ह उभा राहिला. "मी साधं सांगतो. गवत आहे तेवढंच आहे. मेंढ्या मरतील नाहीतर ते. मारा आणि गाडा."

मग एकेक जण बोलला. कोणाला ते आवडत होते, कोणाला नकोसे झाले होते, पण शेवटी सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं: जे करायचं ते रात्री करा आणि शाळेची बस जायच्या आत आवरून टाका. गावाला कांगारू मेलेले चालणार होते, फक्त कोणी मारलेले नको होते. मी हे तिथेच बोलून दाखवलं. कोणीतरी माझ्या हातात चहा दिला.

पण एक अडचण होती. परवान्यावाल्यांची हरकत असली तर सुनावणी घ्यावी लागते, आणि सुनावणी होईतो हिवाळा संपला असता. मी हरकत घेतली होती. क्लेमनेही. दुसऱ्या दिवशी तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"लॉरेल, हरकत काढून घेऊ या."

"डोकं फिरलं का तुझं?"

"ऐक तर. आज नाही तर उद्या ते मारणारच. सुनावणी हरलो तर आपल्याला कुंपणाच्या आतसुद्धा घेणार नाहीत. आत्ता माघार घेतली तर आपला एक माणूस रोज सकाळी आत. पिशव्या तपासायला. मी बोललोय त्यांच्याशी."

"एकच?"

"विम्याची काहीतरी भानगड आहे. मी जाईन. एक पिल्लू सुटू द्यायचो नाही, शब्द देतो."

दगडापेक्षा वीट मऊ, असं मी मनाला समजावलं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर हाकलून दिलं असतं. पण क्लेमचा शब्द होता. मी हरकत काढून घेतली आणि सोमवारी रात्री बंदुका सुरू झाल्या. मी घरी बाटल्या उकळून ठेवल्या, लोकरीच्या पिशव्या शिवून शेगडीजवळ टांगल्या.

सकाळी क्लेम आला तो रिकाम्या हाताने.

"एकही नाही?"

"रिकाम्या सगळ्या. दुष्काळ ना गं, माद्या गाभच धरत नाहीत."

ते खरंच आहे. पाणी-चारा नसला की माद्या गाभ धरत नाहीत. मी एकीकडे हळहळले, एकीकडे मला बरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी रिकाम्या. तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तो चहा न पिताच गेला. थंडी बाधलीय बिचाऱ्याला, असं मला वाटलं. म्हणून चौथ्या दिवशी थर्मासमध्ये चहा आणि दोन सँडविच घेऊन मीच गायरानात गेले.

उजाडलं होतं, गवतावर पांढरं दंव होतं. मोठ्या खड्ड्याजवळ रात्रीचे कांगारू ओळीने घातलेले, प्रत्येक मादीच्या कुशीवर निळी फुली. शेजारी ट्रेव्ह लोडर घेऊन तयार. काउन्सिलने ढकलून बुजवायचं काम त्यालाच दिलं होतं. क्लेम कुंपणाशी पिकअपमध्ये काचा वर करून बसला होता. मी काच वाजवली.

"तू कशाला आलीस?" तो म्हणाला.

"चहा आणलाय. आज?"

"रिकाम्या." त्याने कप घेतला आणि दोन्ही हातांत धरून बसला.

मी सहज समोर बघत होते. ओळीतल्या तिसऱ्या मादीचं पोट हललं.

"क्लेम, ते हललं."

"वारा असेल."

"वारा पोटातून येतो का रे?"

तो उतरला नाही. मी कुंपणाच्या तारांमधून वाकून आत गेले. ट्रेव्हने मला बघितलं आणि इंजिन बंद केलं. मादीच्या पिशवीच्या तोंडावर रात्रीचं दंव जसंच्या तसं होतं, कुठे बोट लागल्याची खूण नाही. निळा रंगही दंवावरच बसला होता. मी हात घातला. आत ऊब होती. एक लांब, दुमडलेला पाय माझ्या तळहातावर आपटला.

नुकती लव फुटलेलं पिल्लू होतं. माझ्यावर फिस्कारलं. मी ते स्वेटरच्या आत घातलं आणि शेजारच्या मादीकडे वळले. तिथेही दंव तसंच. आत पिल्लू होतं, पण लाकडासारखं कडक झालेलं.

तोवर क्लेम मागे येऊन उभा राहिला होता.

"तू हात घातलाच नाहीस," मी म्हटलं.

"पहिल्या दिवशी घातला होता."

"मग?"

"पहिल्याच ओळीत चार निघाली, लॉरेल. चारही जिवंत. अजून अर्धं गायरान बघायचं होतं. कुठं ठेवायची एवढी? तू सगळी घेतली असतीस. नाही म्हणता येतं का तुला? पाठ मोडलीय तुझी, सकाळी उठताना भिंत धरतेस. वर्ष दीड वर्ष खपायचं, आणि मोठी झाली की सोडायची कुठं? इथंच. पुढच्या दुष्काळात परत हेच."

"त्या चौघांचं काय केलंस?"

तो आपल्या हातांकडे बघायला लागला.

"क्लेम."

"परत ठेवली आत."

मला आधी ते कळलंच नाही. परत ठेवली. म्हणजे बाहेर काढून, त्यांचे डोळे बघून, परत मेलेल्या आईच्या पोटात. आणि वर फुली.

"मारून टाकायची होतीस," मी म्हटलं. "डोक्यात एक घाव. वाढवता येत नसेल तर तेवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो, हेही तूच शिकवलंस मला."

"नाही झालं माझ्याच्यानं."

"मग मला हाक मारायचीस."

"तुझ्यासाठीच तर..."

"माझं नाव घेऊ नकोस. माझ्याकडून हरकत काढून घेतलीस तू. मी तिकडे पिशव्या शिवत बसले होते आणि तू माझ्या स्वयंपाकघरात बसून रिकाम्या, रिकाम्या म्हणत होतास."

"आधी कधीच केलं नव्हतं असं. आईशप्पथ, लॉरेल. ह्याच आठवड्यात."

असेलही खरं. पण इतकी वर्षं मी त्याच्या निळ्या फुल्या बघून गाडी न थांबवता पुढे गेले होते. पावसात, उन्हात, घाईत. एकेक फुली डोळ्यांपुढे यायला लागली आणि कुठल्या पिशवीत काय होतं हे मला आता कधीच कळणार नव्हतं. वैऱ्याने केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. ज्याने हात धरून शिकवलं त्याने केसाने गळा कापला, आता ओरडायचं तरी कोणाच्या नावाने? मला रडायला आलं, पण त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

"लॉरेल." लोडरवरून ट्रेव्ह उतरला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "म्हणजे मंगळवारपासून मी... त्यात जिवंत होती?"

मी स्वेटरची कड ओढून त्याला आतलं पिल्लू दाखवलं.

"मारा म्हणालो होतो मी. गाडा म्हणालो होतो," तो क्लेमकडे वळून म्हणाला. "जिवंत गाडा असं कधी म्हणालो होतो रे, भडव्या?"

ट्रेव्ह हात उगारेल असं मला क्षणभर वाटलं. त्याने नुसते हातमोजे काढून फेकले आणि माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"कुठं घालायचा हात? दाखव मला."

मी दाखवलं. त्याचा पंजा मोठा, पिशवीत जाईना. मग त्याने जड माद्या उलथवून द्यायच्या आणि मी हात घालायचा, असं सुरू झालं. फुली असली तरी हात घालायचा. आणखी दोन जिवंत निघाली. त्यांतलं एक आचळाला चिकटलेलं होतं. मी कात्री काढली तेव्हा ट्रेव्हने तोंड फिरवलं, पण मादीचा पाय सोडला नाही. बाकीची गारठून गेली होती. ती आम्ही त्यांच्या आयांपाशी ठेवली.

मधेच क्लेम त्याच्या गाडीतून उशीचे स्वच्छ अभ्रे घेऊन आला. तो नेहमी इस्त्री करून ठेवतो. मी ते घेतले, पिल्लांना पिशवी म्हणून हवे होते. तो थोडा वेळ उभा राहिला, मग जाऊन कुंपणाशी थांबला. त्याला जा म्हणावं एवढीही आस्था माझ्यात उरली नव्हती.

ओळ संपली तेव्हा ऊन चढलं होतं. शाळेची बस केव्हाच येऊन गेली असणार, आणि पोरांनी काय बघायचं ते बघितलं असणार. ट्रेव्हने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्याने आजचा खड्डा बुजवला. मी माझ्या गाडीत बसून तिन्ही अभ्रे मांडीवर घेतले.

फाटकाकडे जायची सरळ वाट आधीच्या तीन दिवसांच्या खड्ड्यांवरून होती. माती चांगली दाबून सपाट केलेली, त्यानेच केलेली. ट्रेव्ह लोडर घेऊन तिथपर्यंत आला, थांबला, मागे घेतला, आणि कुंपणाकडेने सबंध गायरानाला वळसा घालून, हळूहळू, फाटकाशी आला.