अकरावा टाका

पिशवीतून निघालं ते असं : एक पांढरी छत्री, अठ्ठावीस दोऱ्या, त्यांतल्या सव्वीस धड, वाळलेल्या चिखलाचा एक पापुद्रा आणि आघाडीवरून आलेली दोन ओळींची चिठ्ठी. 'नंबर सातशे अकरा. हवेत शिवण उसवली. माणूस गेला.' छत्रीच्या काठावर तपासणाऱ्याची सही होती, आणि ती भिंगमावशींची होती.

छत्री म्हणजे पॅराशूट. राज्य सरकारच्या या कारखान्यात युद्धाआधी शाळेचे गणवेश शिवले जात. पॅराशूट हा शब्द इथे कुणाच्या जिभेवर बसलाच नाही. राज्यानं देशाला हजार छत्र्या कबूल केल्या होत्या. नऊशे साठ रवाना झाल्या होत्या, चाळीस मागच्या खोलीत होत्या. हजारावी हातात घ्यायला आज दुपारी मंत्री येणार होते.

भिंगमावशींनी उसवलेल्या शिवणीचा शाबूत भाग दिव्यासमोर धरला. त्यावर इंचभर खिडकीची पितळी चौकट ठेवली आणि सुईच्या टोकानं मोजायला सुरुवात केली. इंचाला अकरा टाके हवेत, असा नियम होता. मावशींची नजर अशी, की मशिनीवरच्या बायका म्हणत, "मावशींनी नवऱ्यालासुद्धा भिंगाखाली घालूनच पास केलं असणार."

"...नऊ, दहा, अकरा. बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला.

शेजारी त्यांची सून उभी होती. चौदा नंबरच्या मशिनीवरून ती मुद्दाम उठून आली होती.

"आई, पहिल्या भोकाला एक का म्हणालात?"

"मग काय म्हणू?"

"भोकं अकरा आहेत. टाका दोन भोकांच्या मधे असतो. म्हणजे टाके दहाच झाले की."

मावशींनी स्वतःचा पंजा दिव्यासमोर पसरला. बोटं पाच, मधल्या फटी चार. पंजा तसाच राहिला.

उजेडात त्या टाकेच मोजत. सहाशे चाळिसाव्या छत्रीनंतर हवाई हल्ल्याच्या भीतीनं खिडक्यांच्या काचा काळ्या रंगवल्या गेल्या. पांढऱ्या कापडावरचा पांढरा दोरा दिव्याखाली दिसेना. भोकं मात्र चमकत. तेव्हापासून त्या भोकं मोजत होत्या.

"पण मशिनी तर अकराच्याच होत्या ना गं?"

सुनेनं मान खाली घातली. "काचा रंगवल्या त्याच आठवड्यात मेकॅनिकनं सगळ्या मशिनींचा टाका लांब केला. काम लवकर उरकावं म्हणून. आम्हाला वाटलं, चुकलं तर तुम्ही धराल."

तीनशे वीस छत्र्या गेल्या होत्या. मावशींनी कनवटीचं पत्र काढलं नाही. ते त्यांना पाठ होतं. मुलानं आघाडीवरून लिहिलं होतं, 'आई, गंमत बघ. सातशे तीस नंबरच्या छत्रीवर तुझी सही निघाली. दोस्ताशी भांडून ती मी घेतली. आता मला काय होतंय?'

मॅनेजर आरशासमोर उभे राहून कोटाचं बटण लावत होते. सगळं ऐकून म्हणाले, "मावशी, डोकं ठिकाणावर आहे ना? एका टाक्यानं काय आभाळ कोसळतंय?"

"एका इंचात एक, साहेब. अख्ख्या शिवणीचा हिशेब करा."

"मी मेकॅनिकला फक्त हात जरा मोकळा ठेव म्हटलं होतं. पास तुम्ही केलंत. सही कुणाची आहे?"

"माझीच आहे. म्हणून तर आले. तार करा, सहाशे चाळीसच्या पुढची एकही वापरू नका म्हणावं."

"कशाच्या जोरावर करू? भोकांच्या? पुरावा आणा. मग बघू." बटण लागलं. "आणि उद्यापासून घरी बसा."

पुरावा मिळायची एक जागा होती. कोपऱ्यात आकडा टांगलेला होता. शिवणीची इंचभर रुंद पट्टी कापून त्याला लावायची आणि खाली एकेक किलोची वजनं अडकवत जायचं. वीस किलोपर्यंत शिवण टिकली तर माल पास. पूर्वी शंभरात एकदा ही चाचणी होई. कोटा वाढल्यावर छत्री वाया जाते म्हणून ती बंद झाली.

"सातशे अकराची पट्टी लावू?" सुनेनं विचारलं.

"ती भिजलीय, ताणलीय. म्हणतील, कापडच खराब होतं. कोरी हवी."

सून मागच्या खोलीत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात हार घातलेली छत्री होती. तिनं हार काढून खुर्चीवर ठेवला.

"अगं, ही हजारावी!"

"हिच्याकडे तरी सगळ्यांचं लक्ष जाईल," सून म्हणाली. कात्री तिनं मावशींच्या हातात दिली नाही. स्वतःच चालवली.

बाहेर आवारात भोंगा खरखरला. आपल्या राज्यानं दिलेला शब्द पाळला, असं कुणीतरी सांगत होतं. टाळ्या झाल्या. मावशींनी दहा वजनं एकदम लावली, मग एकेक. पंधरा. सोळा. दाराबाहेर मॅनेजरांचा आवाज आला, "अहो, हजारावी कुठाय?" सतरा. सुनेनं आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. अठरा.

मावशींनी पुढचं वजन दोन्ही हातांनी अडकवलं आणि सावकाश सोडलं.

मग पेन्सिल घेऊन चाचणीच्या कार्डावर लिहिलं, खाली सही केली :

'नंबर एक हजार. इंचाला टाके दहा. एकोणीस किलोला उसवली.'