दहावरची खूण

धक्क्यावर तिला सगळे 'बारीक पाना' म्हणायचे. प्रवासी बोटीचं इंजिन आणि त्यामागची फळी यांच्यातल्या चिंचोळ्या फटीत फक्त तिचाच हात जायचा. सासऱ्यांचा पंजा म्हणजे फावडं. लग्नात सासरच्यांनी तिच्या नाजूक हातांचं भारी कौतुक केलं होतं. ते कशासाठी, हे बिचारीला नंतर कळलं.

नवरा दूरच्या शहरात बर्फाच्या कारखान्यात लागला, खोली घेतली आणि तिला बोलावू लागला. सासरे बोटीचे मालकही आणि चालकही. ते म्हणायचे, "जा ना, मी कुठे धरून ठेवलंय? तेवढं इंजिन होऊ दे." आणि इंजिनाचं काम मारुतीच्या शेपटासारखं लांबत गेलं. पिस्टनच्या रिंगा बदलल्या, बेअरिंग बसवले, गॅस्केट चुकीचं आलं म्हणून परत पाठवलं. आज एकदाचं ते चालू झालं होतं. टायमिंग तेवढं राहिलं होतं. ठिणगी जरा लवकर पडली तर नव्या रिंगांसकट पिस्टन जळणार, उशिरा पडली तर बोटीत जोर राहणार नाही. तिची पिशवी भरून तयार होती. दुपारची बस गाठायची होती.

काम दोघांचं होतं. चालू इंजिनामागे हात घालून ती डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा भाग, केसभर फिरवणार, पुढून सासरे पुलीवर टायमिंग लाइट मारणार. ती लाइट ठिणगीबरोबर लुकलुकते, त्यामुळे गरगरणारी पुली थांबल्यासारखी दिसते आणि तिच्यावरची पांढरी खूण कुठल्या आकड्यावर आहे ते वाचता येतं. दहावर आली की बोल्ट आवळायचा आणि मोकळं व्हायचं.

"आली का, बाबा?"

"अजून नाही. जरा डावीकडे घे."

इंजिन कुरकुरलं.

"आता?"

"छे. उजवीकडे."

फट तापली होती. कोपर फळीला घासून सोललं होतं, आणि हात काढायचा तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. मध्येच इंजिन असं सुरात लागलं की तिच्या कानांनीच सांगितलं, हेच!

"आली ना?"

"नाही गं, सूनबाई."

तिची तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारा मुद्दाम करतोय. आज टायमिंग लागणार नाही, उद्याही लागणार नाही, आणि मी या बिळात गंजत पडणार. तिने न विचारता बोल्ट आवळला, हात ओढून काढला आणि पुढे येऊन त्यांच्या हातातली लाइट घेतली.

खूण दहावर होती. अगदी ठाम.

"ही काय, दहावर! दिसत नाही तुम्हाला?"

"नाही," सासरे म्हणाले.

तिने इंजिन बंद केलं.

"सगळा धूरच दिसतो," ते खाली बघत म्हणाले. "इंजिन तापून जाम झालं ना, त्या दिवशी तापमानाचा काटाही दिसला नव्हता. डॉक्टर म्हणतात, ही नजर परत यायची नाही."

"आणि उद्यापासून माणसं भरून बोट नेणार?"

"वाट पाठ आहे मला."

"वाट पाठ असते, बाबा. समोरून येणारी बोट पाठ नसते."

"कुणाला सांगू नकोस. परवाना गेला तर घरात बसून मी करू काय?" ते हाताने चाचपत पाने डब्यात ठेवू लागले. "तू नीघ. बस चुकेल. खरंच जा."

इतके दिवस तिला निदान राग तरी होता. रात्री उशीला सांगायला, भांडी आपटायला तो पुरायचा. आता तोही गेला. सांगितलं तर म्हातारा जितेपणी मेला, नाही सांगितलं तर बोटीतली माणसं. आणि उद्याच्या पहिल्या फेरीत त्यांच्या शेजारी दोन डोळे कोणाचे असणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

फोन वाजला. नवरा होता.

"निघालीस?"

"नाही."

"आता काय झालं? इंजिन झालं नाही अजून?"

"झालं. छान झालं."

"मग बाबांनी पुन्हा अडवलं ना? दे त्यांना फोन, बघतोच मी आज."

"नको," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "ते जा म्हणताहेत रे."