आमच्या घरातलं आनंदाचं गाणं

आमच्या घरात एकच रेकॉर्ड होती. ऑपेरातली नायिका रंगमंचावर एकटी उभी राहून म्हणते, तसलं एक मोठं गाणं. भाषा परकी, अर्थाचा पत्ता नाही, पण गाणं असं की हातात झाडू असलेला माणूससुद्धा नाचत नाचत झाडायचा. कुणाचा वाढदिवस असो, कुणी परीक्षेत पास होवो, नाहीतर बिघडलेला गीझर नुसता सुरू होवो, बाबा रेकॉर्ड लावायचे.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. माझ्या जन्माआधी कधीतरी रेकॉर्डप्लेअर घरात आला, तोच मोटरवरची छोटी पुली तुटलेला, तेव्हा त्यांनी कारखान्यातल्या लेथवर नवी करून बसवली. जरा जाड झाली. पण "फिरतंय ना? मग झालं तर!" हे बाबांचं ठरलेलं वाक्य. पुली जाड झाली की तबकडी जोरात पळते. तबकडी पळाली की गाणं जलद होतं आणि आवाजही वरच्या पट्टीत जातो. एवढं साधं गणित, पण आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं असेल तर शपथ! घरचं गाणं बाहेर जाऊन कोण ताडून बघतं?

ताई त्या गाण्याबरोबर वाढली. रेकॉर्डमधली बाई जिथवर जाते तिथवर आपलाही आवाज गेलाच पाहिजे, हा तिचा लहानपणापासूनचा हट्ट. वरचा सूर आला की आई आणि मी गुपचूप तोंड मिटायचो. ताई मात्र चादरीच्या घड्या घालता घालता तिथे पोचायची आणि वर म्हणायची, "त्यात काय एवढं?"

पुढे ती शहरातल्या ऑपेरागृहात, कपडेपटात शिवणकामाला लागली. कोरसमधल्या बायकांचे झगे शिवायचे, सैल करायचे, प्रयोग चालू असताना सुईदोरा घेऊन विंगेत उभं राहायचं. आमचं गाणं ज्या ऑपेरातलं, तो तिथे कधी लागलाच नाही. तिला स्वतःला त्या कोरसमध्ये उभं राहायचं होतं. हे गुपित तिने फक्त मला सांगितलं होतं, म्हणजे साहजिकच सगळ्या घराला माहीत होतं. यंदा तिथे एक जागा निघाली. ताईची चाळिशी उलटलेली. पुढच्या खेपेला वयाची अट आडवी आली असती. आता नाही तर कधीच नाही.

चाचणीला मी सोबत गेले. तालमीच्या खोलीत एक पियानो, तो वाजवणाऱ्या चष्मेवाल्या बाई, आणि खुर्चीत जडशीळ बसलेले संगीत संचालक. त्यांनी ताईला ओळखलं. "अरे, तुम्ही तर आमच्या बटणांच्या बाई! काय म्हणणार?"

ताईने गाण्याचं नाव सांगितलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. "अवघड आहे. बघा हं."

पियानो सुरू झाला. हळू, खाली, जड. बाई बोटं गरम करत असतील, असं मला वाटलं. ताईलाही तसंच वाटलं असणार, कारण ती हात बांधून शांतपणे वाट बघत उभी होती. पियानो थांबला.

"सुरू करा ना," संचालक म्हणाले.

"तुमचं झालं की करते. पण हे गाणं नाही, माझं दुसरं आहे."

"हेच आहे ते."

"नाही हो! काहीतरीच काय! माझं आनंदाचं आहे."

नाचता येईना अंगण वाकडं, असा चेहरा करून पियानोवाल्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. एवढ्या वर्षांची इच्छा, आणि गाणंच चुकलं?

ताई लाल झाली, पण हटली नाही. "थांबा, म्हणूनच दाखवते," म्हणाली आणि साथीशिवाय सुरू झाली. आमच्या घरच्या लयीत, आमच्या घरच्या पट्टीत, पायाने ठेका धरून. पियानोवाल्या बाई सूर शोधत शोधत वर सरकल्या, आणखी वर सरकल्या, आणि मग वाजवायचं सोडून नुसत्या बघत राहिल्या. वरचा सूर आला. ताईने तो नेहमीसारखा सहज लावला.

संचालक हसत होते. डोळे पुसत, मांडी थोपटत हसत होते. मला इतका राग आला की मी उठून उभी राहिले.

"बाई," ते कसेबसे म्हणाले, "या गाण्यातल्या बाईचा नवरा तिला टाकून गेलाय. ती त्याच्या रिकाम्या कोटाशी बोलतेय."

"अगं बाई! आणि आम्ही वाढदिवसाला..." ताईने तोंडावर हात ठेवला.

मग ते खुर्चीतून उठले आणि पियानोपाशी आले. हसू गेलं होतं. "आता परत म्हणा. लय माझी, पट्टी तुमची. जमेल?"

म्हणजे तोच उंच सूर, पण घाईघाईत शिवून पुढे पळायचं नाही, तिथे थांबायचं. ताईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, दुसरं काय करणार? तिने श्वास घेतला.

शब्द तेच. पण आता कोट दिसत होता. खुंटीवर टांगलेला, बाह्या लोंबकळत असलेला. वरचा सूर आला आणि ताई तिथे थांबली. संचालकांचा हात हवेत होता, तो खाली येईचना आणि ताईचा श्वासही संपेना. मी रडत होते आणि मला इतका आनंद झाला होता की काय सांगू!

हात खाली आला. "त्या सुरापर्यंत जायच्या आधी आमच्या कोरसमधल्या बायका देवाची करुणा भाकतात," संचालक म्हणाले. "तुम्हाला हे शिकवलं कुणी?"

"बाबांनी," ताई म्हणाली. "लिफ्ट दुरुस्त करायचे ते."

"सोमवारपासून या," संचालक एवढंच म्हणाले.

आम्ही दोघी जिना उतरून कपडेपटात पळत गेलो. सगळी मशीनं थांबली. मुख्य शिंपीकाका कात्री खाली ठेवून उठले, गळ्यातली टेप काढली आणि ताईसमोर उभे राहिले. ताईला कळेचना. सवयीने तिने टेप घ्यायला हात पुढे केला.

"तू नाही माप घ्यायचं," काका म्हणाले. "हात वर कर. तुझा झगा शिवायचाय."